पहिला धडा झाडूचा

जुलै उजाडला की वर्तमानपत्रांतून एकाच नमुन्याची छायाचित्रे छापून येऊ लागतात. एक खड्डा, खड्ड्यात एक रोप, त्या एका रोपाला हात लावून उभे असलेले आठ-दहा मान्यवर आणि त्यांच्या पाठीमागे दाटीवाटीने उभी केलेली गणवेशातली मुले. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणून शाळांचे पर्यावरण जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १९५० साली देशात सुरू झालेल्या वनमहोत्सवाच्या निमित्ताने जागे होते. भाषणे होतात, घोषणा होतात, खाऊ वाटला जातो. त्यानंतर त्या रोपाकडे फिरकायला कुणाला सवड नसते. पुढच्या मे महिन्यात शाळा बंद, नळ बंद, पाणी घालणारे कुणी नाही. रोप वाळून जाते. आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप आणि तेच मान्यवर!

झाडे लावण्याला आमचा विरोध आहे असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये. झाडे लावलीच पाहिजेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. या छायाचित्रात जी मुले दिसतात ती दिसतातच. पण जी दिसत नाहीत, ती त्या वेळी कुठे असतात?

हा प्रश्न आम्हाला कुठल्या ग्रंथाने नव्हे, तिसरीतल्या एका मुलीने शिकवला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. धुणीभांडी करणारी एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आली. त्या दिवशी मुलीच्या शाळेत 'स्वच्छता आणि वृक्षारोपण दिन' होता. काही मुलांच्या हातात रोपे दिली गेली, काहींच्या हातात घोषणांचे फलक दिले गेले आणि चार मुलांना बादली व खराटा देऊन शौचालयाकडे पाठवण्यात आले. चारही मुले एकाच वस्तीतली. कोणती वस्ती, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाईंनी कुणाची जात विचारली नव्हती. विचारण्याची गरजच नव्हती. आईने शाळेत जाऊन जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "या मुलांना सवय असते." मुलगी आमच्यासमोर रडली नाही. तिने फक्त एवढेच विचारले, "काका, मला झाड कधी मिळणार?"

आम्ही वकील आहोत. आमच्या टेबलावर कायद्याची पुस्तके होती. राज्यघटनेचे कलम १५ होते, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ होते. मुलांना मानसिक त्रास देण्यास मनाई करणारे शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याची २०१५ ची दुरुस्ती होती. आम्ही तक्रारीचा मसुदा तयार करायला बसलो. तेव्हा ती आई म्हणाली, "दादा, केस नको. पोरीला त्याच शाळेत शिकायचंय. पण पुन्हा माझ्याच पोरीच्या हातात बादली नको, एवढं करा."

आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. कायदा समजावून सांगितला आणि दोन मागण्या ठेवल्या. पहिली, शौचालय धुणे हे मुलांचे काम नाही. ते पगारी कर्मचाऱ्याचे काम आहे आणि त्याला हातमोजे, बूट आणि योग्य साधने मिळाली पाहिजेत. दुसरी, वर्ग झाडणे, फळा पुसणे, डबा खाल्ल्यावर सांडलेले उचलणे आणि झाडांना पाणी घालणे हे सर्व मुलांचे काम आहे. ते हजेरीपटाच्या क्रमाने, मुलगा-मुलगी आणि वस्ती न पाहता, भिंतीवर तक्ता लावून वाटले जावे. मुख्याध्यापक सज्जन होते, त्यांनी मान्य केले. पण आठवडाभरात गावातल्या काही प्रतिष्ठित पालकांची तक्रार आली : "आमच्या मुलांनी शाळेत झाडू मारायचा का?"

वाचकहो, पर्यावरणाच्या शिक्षणाची खरी परीक्षा या एका वाक्यात आहे. ज्या पालकांना आपल्या मुलाच्या हातात रोप हवे होते, फलक हवा होता, छायाचित्र हवे होते, त्यांनाच त्या हातात केरसुणी नको होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हाच समाज केरसुणीला हळदकुंकू वाहतो. वर्षातून एक दिवस झाडूची पूजा आणि उरलेले दिवस झाडू धरणाऱ्याचा विटाळ! अशा घरातून येणाऱ्या लेकराला 'परिसर स्वच्छ ठेवा' हा धडा पाठ करून घेतला तर तो त्याचा अर्थ काय घेईल? परिसर स्वच्छ ठेवायचा आहे, पण तो दुसऱ्या कुणीतरी, असाच अर्थ तो घेणार.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपल्या देशात कशाचीच उणीव नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४८-अ आणले आणि पर्यावरणाचे रक्षण राज्यसंस्थेवर सोपवले. त्याच दुरुस्तीने कलम ५१-अ आणले. वने, सरोवरे, नद्या, वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. १९९१ साली सुभाष कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, एम. सी. मेहता प्रकरणात न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला त्यासाठी इयत्तावार आदर्श अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. २०२४ साली हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्कही न्यायालयाने समतेच्या आणि जगण्याच्या हक्काशी जोडला.

मग अडते कुठे? अडते ते येथे की हा विषय पुस्तकात गेला, प्रश्नपत्रिकेत गेला, गुणपत्रिकेत गेला. हातात मात्र उतरला नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये दाखवून दिले होते की कामाची वाटणी करणे वेगळे आणि माणसाला जन्मावरून कामाला जखडून ठेवणे वेगळे. ज्या देशात साफसफाई हे काम राहिले नाही, ती जात झाली, त्या देशात पर्यावरणाचे शिक्षण जातीला वळसा घालून देता येणार नाही. वळसा घातला तर ते शिक्षण राहत नाही, सोहळा होतो.

लहान मुलांना शिकवताना एक फरक पहिल्याच दिवशी समजावून द्यावा लागतो. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर तेथल्या सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतल्या. सहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगा आणि विचारा, "माणसाने ओंजळ बुडवल्याने पाणी घाण झाले की शेण ओतल्याने?" मूल हसेल आणि बरोबर उत्तर देईल. आम्ही हा प्रयोग अनेकदा केला आहे, एकही मूल चुकले नाही. विटाळ डोक्यात असतो. घाण पाण्यात असते आणि ती दिसते, तिला वास येतो, तिने पोट बिघडते. ज्या मुलाला हा फरक कळला त्याला पाण्याचे विज्ञानही कळले आणि समतेचा अर्थही. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

योगायोग पाहा. ज्या १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षापासून मुंबईचा कचरा देवनारच्या क्षेपणभूमीवर पडत आला आहे. एका बाजूला पाण्यासाठी माणसे उठत होती आणि दुसऱ्या बाजूला शहराची घाण कुणाच्या उशाशी टाकायची हे ठरत होते. देवनारभोवती गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या वस्त्या आहेत. तेथे दलित, मुसलमान, भटके आणि गावाकडून हुसकले गेलेले कष्टकरी राहतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीस या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, दिवसेंदिवस धूर पसरत राहिला आणि आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्या बंद शाळांतल्या लेकरांना 'पर्यावरणाची काळजी घ्या' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी कुणाचे काय बिघडवले होते? जो कचरा जळत होता तो त्यांनी केलेला नव्हता. ज्या घरांतून तो आला, त्या घरांतल्या मुलांच्या खिडकीपर्यंत बहुधा धूर पोचलाही नसेल. म्हणून आमचे म्हणणे असे की सर्व मुलांना एकच धडा देऊन भागणार नाही. ज्याच्या घरातून कचरा निघतो आणि नजरेआड होतो, त्या मुलाला तो कुठे जातो हे दाखवले पाहिजे. ज्याच्या दारात तो येऊन पडतो, त्या मुलाला स्वच्छ हवा हा त्याचा हक्क आहे हे सांगितले पाहिजे. पहिल्याला जबाबदारी शिकवायची आहे आणि दुसऱ्याला स्वाभिमान.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे, कारण आत्मपरीक्षण न करणारी चळवळ फार दूर जात नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. चार ते दहा वयाची वीस-पंचवीस मुले येतात. तीन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आम्ही खीरदान केले. खीर थर्माकोलच्या वाट्यांतून वाटली. कार्यक्रम छान झाला, भाषणे झाली. आम्ही स्वतः घटनेतील कर्तव्यांवर अर्धा तास बोललो. संध्याकाळी विहारामागच्या नाल्यात त्या पांढऱ्या वाट्या तरंगत होत्या. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या अशा ताट-वाट्यांवर बंदी आलेली होती. म्हणजे कायदा सांगणारे आम्ही, आमच्याच विहारात बुद्धाच्या साक्षीने कायदा मोडत होतो!

पुढच्या रविवारी आठ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "सर, त्या वाट्या आता कुठे जाणार?" आम्ही म्हणालो, "काही नाल्यातून समुद्रात, काही कचऱ्याच्या गाडीत." "आणि गाडीतून?" "डंपिंगवर." तो म्हणाला, "तिथं तर माझी आजी असते."

त्याची आजी कचरा वेचते. हे आम्हाला माहीत होते. रोज पाहत होतो, 'जयभीम आजी' म्हणत होतो. पण आपली खिरीची वाटी आणि तिची पाठीवरची गोणी यांचा संबंध आमच्या सुशिक्षित डोक्यात कधी जुळला नव्हता. तो त्या मुलाने जुळवला.

पुढच्या रविवारी आम्ही आजींना वर्गावर बोलावले, पाहुण्या म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून. आजी आधी संकोचल्या. "मी काय शिकवू रे बाबांनो, मला लिहिता येत न्हाई." मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर, तळव्यावर जुन्या जखमांचे वण होते. त्या म्हणाल्या, "ही काच. कुणीतरी फुटलेली बाटली भाजीच्या देठांत टाकली व्हती. कागदात गुंडाळून वरती ठिवली असती तर लागली नसती." मग त्यांनी गोणी उलटी केली आणि मुलांना दाखवले : हा पुठ्ठा ओला झाला की त्याला भाव नाही, ही दुधाची पिशवी धुतली तर विकली जाते, खरकटे लागले तर जात नाही. अर्ध्या तासात मुलांना ओला आणि सुका कचरा जेवढा कळला, तेवढा आमच्या दहा व्याख्यानांनी कळला नसता. कारण त्यांना आता नियम पाठ करायचा नव्हता. आपण जे टाकतो ते कुणाच्या तरी हाताला लागते, हे त्यांनी हातावर पाहिले होते.

पुण्यात हे काम संघटितपणे झालेले आहे. १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्येने आपल्याच समाजातल्या भगिनी आहेत. त्यांनी एक साधी गोष्ट शहराला शिकवली. वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळायचे आणि त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळे करणाऱ्या बाईला न उघडता कळते. लाल ठिपका काढायला चार वर्षांच्या मुलालाही येते. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की, 'बाई, मला तुमची आठवण आहे.' २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच कचरा वेगळा करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांची दखलही घेतली. पण नियमाच्या आधी आठवण लागते आणि आठवण लहानपणीच लागते.

लहान मुलाला शिकवायचे कसे, याचा नमुना शोधायला आपल्याला परदेशी पुस्तकांकडे जाण्याची गरज नाही. तथागतांनी राहुलला केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे परंपरा सांगते. बुद्धांनी त्याच्यापुढे प्रवचन झोडले नाही. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते फेकले, भांडे पालथे केले आणि त्या भांड्यावरूनच खरे-खोटे समजावले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? जसे आरशात पाहतो तसे प्रत्येक कृतीकडे करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते का, हे तपासावे. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराटच्या लेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी जे उपदेश वारंवार ऐकावेत असे सांगितले, त्यांत हा राहुलला केलेला उपदेश आहे.

आमच्या मते सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पर्यावरणाचा यापेक्षा चांगला पाठ नाही. चॉकलेटचा कागद हातात आहे. टाकण्याआधी थांब. याने कुणाला इजा होईल का? गाय खाईल का? नाल्यात अडकेल का? वेचणाऱ्याला वाकावे लागेल का? यात भीती नाही, शिक्षा नाही, पाप-पुण्य नाही. फक्त विचार आहे. विनयातही हीच दृष्टी दिसते. भिक्खूने हिरवळीवर किंवा पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये असा नियम आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरतात तेव्हा हिरवे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाची प्रथा सुरू झाली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा संघ लोकांची तक्रार ऐकून आपले वागणे बदलत होता. आपली विहार समिती नाल्यातल्या वाट्या पाहून तरी बदलणार की नाही?

आमच्या समितीने बदल केला. वर्गणी काढून शंभर स्टीलच्या वाट्या घेतल्या. पण वाट्या घेतल्या की त्या घासायच्या कुणी, हा प्रश्न आलाच. पहिल्या कार्यक्रमाला नेहमीप्रमाणे महिला उठल्या. तेव्हा आजींचा नातू म्हणाला, "सर, तक्ता?" आता आमच्या विहारात तक्ता आहे. वकील, शिक्षक, बँकेतले साहेब, रिक्षावाले सर्वांची नावे त्यात आहेत आणि मुलगा म्हणून कुणाची सुटका नाही. मुलांनी जेव्हा बापाला पहिल्यांदा वाटी घासताना पाहिले, तेव्हा त्यांना जे कळले ते कुठल्याही पुस्तकात नाही.

आणखी एक गोष्ट आपण शिकवताना सांभाळली पाहिजे. प्रेमापोटी खोटे शिकवू नये. पिंपळ हा बोधिवृक्ष, म्हणून तो रात्रीही प्राणवायू देतो, असे आपले अनेक कार्यकर्ते मुलांना सांगतात. हे खरे नाही. सूर्यप्रकाशाशिवाय कोणतेही झाड प्राणवायू तयार करत नाही. पिंपळाचा मोठेपणा त्यासाठी लागत नाही. त्याच्या फळांवर किती पाखरे जगतात ते मुलांना दाखवा. विहाराच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवते ते पाखराच्या विष्ठेतून पडलेल्या बीमुळे, हे दाखवा. ते रोप भिंत फोडण्याआधी हळूच काढून मोकळ्या जागी लावायला शिकवा. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हेही कलम ५१-अ मध्येच लिहिलेले कर्तव्य आहे. अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, ते माणसांना आणि जनावरांना सावली-पाणी मिळावे म्हणून. त्याला कुठल्या चमत्काराचा आधार घ्यावा लागला नाही.

तेव्हा शिक्षकांना, पालकांना आणि विहार समित्यांना आमच्या काही सूचना आहेत. त्यांना पैसा लागत नाही, फक्त मन लागते.

पहिली, ज्याचा पसारा त्याने आवरावा. अंगणवाडीतल्या मुलापासून ही सवय लावावी आणि कामाचा तक्ता सर्वांसाठी सारखा असावा. झाडू शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. शिक्षा म्हणून दिलेला झाडू मुलाला कामाची घृणा शिकवतो.

दुसरी, दहा रोपे लावण्यापेक्षा एकच लावावे आणि ते वर्षभर सांभाळावे. लावण्याच्या दिवशीच मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्यांची नावे लिहावीत. कडुनिंब, करंज, जांभूळ अशी आपल्या मातीतली झाडे निवडावीत.

तिसरी, मुलांना आपल्या वस्तीतले जीव ओळखायला शिकवावे. मुंग्यांची रांग, चिमणीचे घरटे, गांडूळ, पावसाळ्यात भिंतीवर उगवणारे शेवाळ. वाघ-सिंहांची चित्रे पाहून काळजी घेणे येत नाही; जे रोज दिसते त्याचे नाव माहीत झाले की ते आपले वाटू लागते.

चौथी, कचरा आणि पाणी यांचा माग काढावा. आपल्या नळाला पाणी कोठून येते, आपली मोरी कोठे जाते, आपल्या गल्लीतला कचरा कोण उचलतो आणि त्याचे नाव काय. सफाई कामगाराला वर्षातून एकदा तरी शाळेत शिक्षक म्हणून बोलवावे.

पाचवी, मुलांना विचारायला शिकवावे. वस्तीत घंटागाडी येत नसेल, नाला तुंबला असेल, तर चौथी-पाचवीतली मुले वॉर्ड कार्यालयाला चार ओळींचे पत्र लिहू शकतात. उत्तर येवो वा न येवो, मागणे हा आपला हक्क आहे हे त्यांना कळते. मात्र या वयात पृथ्वी बुडणार, सगळे मरणार, असा धाक घालू नये. कारखान्याच्या धुराचा आणि सरकारच्या हलगर्जीपणाचा हिशेब मोठ्यांनी द्यायचा आहे. तो लेकरांच्या डोक्यावर ठेवू नये.

काही जण म्हणतील, वकीलसाहेब, समाजापुढे नोकऱ्यांचे प्रश्न आहेत, शिष्यवृत्तीचे आहेत, अत्याचाराचे आहेत; तुम्ही झाडाझुडपांचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की तुंबलेला नाला पहिल्यांदा आपल्याच वस्तीत शिरतो, धूर पहिल्यांदा आपल्याच लेकरांच्या छातीत जातो आणि गटारात गुदमरून मरणाराही बहुतेक वेळा आपलाच असतो. हा प्रश्न आपला नसेल तर मग कुणाचा?

त्या तिसरीतल्या मुलीच्या शाळेत तक्ता अजून भिंतीवर आहे. ज्यांनी तक्रार केली होती त्या पालकांची मुलेही आपापल्या दिवशी वर्ग झाडतात. त्यांच्या हाताला काही झाले नाही आणि त्यांच्या घराचा मानही कमी झाला नाही. मुलीला पुढच्याच आठवड्यात झाड मिळाले, करंजाचे. दोन्ही उन्हाळी सुट्ट्यांत ती आणि तिच्या वर्गातल्या तीन मुली आलटून पालटून डबड्याने पाणी घालत होत्या. त्यांतली एक त्याच तक्रार करणाऱ्या घरातली होती. ते झाड आता या मुलींच्या डोक्यावर गेले आहे. त्याचे छायाचित्र कुठल्याही वर्तमानपत्रात आलेले नाही.

जयभीम!